वेग कोणाचा, वाट कोणाची?

जमावाच्या नीतीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पण बहुधा ते दंगलीच्या किंवा मोर्चाच्या निमित्ताने. निर्व्यसनी, पहाटे उठणारी, प्रकृतीला जपणारी, कोणाच्या अध्यात ना मध्यात अशी माणसे एकत्र आली म्हणजे त्यांचाही एक जमावच होतो, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. सज्जनांच्या अशा जमावाकडून अन्याय घडू शकतो काय? हा प्रश्न मला सुचला तो सायकलीमुळे.

हल्ली मुंबई-पुण्याप्रमाणे आमच्या वाशिमसारख्या जिल्ह्याच्या गावांतूनही सायकलस्वारांचे गट पहाटे बाहेर पडू लागले आहेत. डोक्यावर हेल्मेट, अंगाबरोबर बसणारा पोशाख, पिसासारखी हलकी सायकल. डॉक्टर, वकील, शिक्षक, दुकानदार अशी सर्व थरांतली मंडळी त्यांत असतात. ज्या वाहनाला आपण काल-परवापर्यंत दूधवाल्याचे आणि पोस्टमनचे म्हणून नाक मुरडीत होतो, त्याला ही प्रतिष्ठा मिळावी, ही आनंदाचीच गोष्ट आहे. शंभर किलोमीटर दामटून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज असते, त्याची टवाळी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

परंतु पहाटेचा रस्ता रिकामा असतो, ही समजूत खरी नव्हे. त्याच वेळी गुडघे धरलेले म्हातारे डॉक्टरच्या सांगण्यावरून फिरायला निघतात. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे अंधारात धावत असतात. दुधाचे कॅन येतात, गुरे रस्ता ओलांडतात. थोडे उजाडले की मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवरून मुली शाळेच्या वाटेला लागतात. दिवाळीच्या सुमारास तर रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलेले असते आणि त्यापाशी कोणी आजी हातात काठी घेऊन बसलेली असते. या सगळ्यांमधून वीस जणांची एक रांग ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगाने सराव करीत जाते.

या रांगेचे एक शास्त्र आहे. वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद वारा कापण्यात खर्ची पडते. पुढच्याच्या पाठीशी चिकटून राहिले, तर मागच्याचे श्रम चतुर्थांशाने किंवा त्याहूनही अधिक कमी होतात. म्हणून चाकाला चाक लावून जायचे. मध्ये अंतर हात-दीड हाताचे. एकट्याला न पेलणारा वेग गटाला पेलतो, तो यामुळे. पण ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. पुढच्याने करकचून ब्रेक दाबला, तर मागच्याला ते उमगेपर्यंत चाके भिडलेली असतात आणि चार-सहा जण एकमेकांवर कोसळतात. त्यामुळे गटात पहिली शिकवण हीच असते, की एकदम ब्रेक दाबू नका.

नैतिक प्रश्न नेमका येथे उपस्थित होतो. ब्रेक प्रत्येकाच्या हाताशी आहे, पण तो मोकळेपणी दाबण्याचे स्वातंत्र्य कोणालाच नाही. समोर एखादी म्हातारी आली, तर पुढचा म्हणेल, मागचे पडतील. मागचा म्हणेल, मला काही दिसलेच नाही. दोघेही खरे बोलत असतील! वेग कोणी ठरवला, असे विचारले, तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवील. ज्या कृत्याची जबाबदारी सर्वांची असते, ती पुष्कळदा कोणाचीच राहत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

ही भीती कल्पनेतली नाही. लंडनच्या रीजंट्स पार्क या उद्यानाभोवतीच्या रस्त्यावर सायकलस्वारांचे गट नेमाने फेऱ्या मारतात. जून २०२२ मध्ये तेथे कुत्र्याला फिरवून रस्ता ओलांडणाऱ्या ८१ वर्षांच्या एका वृद्धेला अशाच एका गटातील सायकलस्वाराची धडक बसली आणि सुमारे दोन महिन्यांनी ती मरण पावली. तेथे वेगाची मर्यादा ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर. गट त्याहून वेगात होता. पण ती मर्यादा मोटारींसाठी होती, सायकलींसाठी नव्हती. खटला झाला नाही. २०२४ साली मृत्यूची रीतसर चौकशी झाली, तेव्हा ही गोष्ट सर्वांसमोर आली. कायदा मोडला गेला नव्हता. माणूस मात्र गेले होते.

आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील वेगमर्यादा नावाप्रमाणे मोटारींना आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २८१ व्या कलमाखाली बेदरकारपणे वाहन हाकणारा किंवा स्वारी करणारा कोणीही दोषी ठरू शकतो, आणि त्यात सायकलस्वारही आला. पण बेदरकारपणा म्हणजे किती वेग, हे कलम सांगत नाही. ते ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे. कायद्याचा आकडा जेथे संपतो, तेथेच नीतीचे काम सुरू होते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. चालणाऱ्यानेही बघून चालायला नको काय? हवेच. पण सार्वजनिक वाट सावध आणि चपळ माणसांसाठीच राखलेली नसते. तिच्यावर मूल धावणार, बहिऱ्याला घंटी ऐकू येणार नाही, गाय वाटेल तेथे उभी राहणार. या चुका करण्याची त्यांना मुभा आहे, म्हणून तर ती वाट सर्वांची. आमच्या जिल्ह्यातून कारंजा-मालेगावच्या बाजूने समृद्धी महामार्ग गेला आहे. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेग घेता येतो. पण त्यासाठी दोन्ही बाजूंना कुंपण घालावे लागले आणि पादचारी, बैलगाडी, दुचाकी, सायकल यांना मज्जाव करावा लागला. वेगासाठी वाट राखून ठेवायची, तर इतरांना तेथून आधी दूर करावे लागते. गावच्या रस्त्यावरून इतरांना कोणी दूर केलेले नाही. मग तेथे तोच हक्क आपल्यापुरता गृहीत धरणे न्यायाचे कसे ठरेल?

सायकलस्वाराला तर हे सर्वांत आधी कळावे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर अवतार सैनी हे गृहस्थ सोबत्यांबरोबर सायकलने जात असताना टॅक्सीच्या धडकेने मृत्यू पावले. इंटेल कंपनीच्या पेंटियम संगणक-चिपेच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. तेव्हा सायकलस्वारांनी हळहळून जे मागितले, ते रास्तच होते: अधिक बलवानाने दुर्बळासाठी वेग आवरावा. पण हे मागणे एका पायरीवर थांबत नाही. मोटारीपुढे सायकल दुर्बळ, तशी सायकलीपुढे काठी टेकीत जाणारी आजी दुर्बळ. वेग दुप्पट झाला, की धडकेचा जोर चौपट होतो, हे गणित सायकलीलाही सुटत नाही. वरच्याकडून आपण जो न्याय मागतो, तो खालच्याला दिला नाही, तर आपले मागणे न्यायाचे राहत नाही, केवळ सोयीचे ठरते.

समूहाने रस्त्यावरून जाण्याची दुसरी रीत आपल्याला अपरिचित नाही. शेगावहून पंढरपूरला निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी दरवर्षी मेडशी, शिरपूर, रिसोड अशी आमच्या जिल्ह्यातून जाते. शेकडो वारकरी ओळीने चालतात. पण त्या समूहाची चाल थकलेल्याला झेपेल अशी असते. सायकलींच्या जगातही असे नमुने आहेत. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सफरीत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात आणि कोणालाही क्रमांक दिला जात नाही.

मग ज्याला खरोखरच शर्यत जिंकायची आहे, त्या पोराने काय करावे? त्याला केवळ नीती सांगून घरी बसवणे हाही अन्यायच. पुण्यात बालेवाडीला सायकल शर्यतींसाठी खास धावपट्टी आहे. वाशिमच्या पोराला डांबरी रस्त्याखेरीज काय आहे? आठवड्यातून एक सकाळ, तासभर, एखादा निवांत रस्ता वाहतुकीला बंद करून त्याच्या स्वाधीन करणे नगरपालिका आणि पोलिसांना अशक्य नाही. गावाने त्याला तेवढे द्यावे. आणि इतर दिवशी त्याच्या गटाने वस्ती येताच रांग मोडावी, दोघांत दोन सायकलींचे अंतर सोडावे, ज्याला त्याला आपला ब्रेक परत द्यावा.

कारण प्रसंग समोर ठाकल्यावर काही ठरवायला तेथे क्षणही उरत नाही. चूक की बरोबर याचा निवाडा टाचा पेडलवर टेकण्यापूर्वीच झालेला असतो: कोणता रस्ता, कोणती वेळ, किती वेग. तेवढे तीन प्रश्न पहाटे चौकात जमल्यावर एकाने मोठ्याने विचारावेत. विचारणाऱ्याला भित्रा म्हणून हसणारे निघतील. तरी त्याने विचारावेत; रस्त्याच्या कडेला सोयाबीन राखीत बसलेल्या आजीच्या वतीने तेथे बोलणारा दुसरा कोणी नसतो.