वानप्रस्थाची मुदत

मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २००६ साली न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरात 'रोलिंग स्टोन्स' या इंग्लिश वाद्यवृंदाच्या दोन रात्रींच्या मैफली टिपून जो 'शाइन अ लाइट' हा चित्रपट सिद्ध केला, तो पाहताना माझ्या मनात संगीताहूनही अधिक घोळत राहिला तो आपल्या स्मृतिकारांचा जुना दंडक : अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवंडाचे मुख दिसले, की गृहस्थाने घरदार सोडून वनाची वाट धरावी. येथे तर त्रेसष्ट वर्षांचा, नातवंडांचा धनी असलेला त्यांचा गायक मिक जॅगर रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो आहे, आणि कॅमेरा निकट जाऊन त्याच्या गालांवरच्या खोल चऱ्या निःसंकोचपणे दाखवतो आहे. ही आसक्ती की साधना?

आपल्याकडे ख्यालगायकाला कोणी वयाचा दाखला मागत नाही. भीमसेन जोशींच्या उतारवयातल्या गाण्यासाठीही पुणेकर थंडीत रात्र जागवीत. रॉक संगीताची वहिवाट निराळी. त्याने तारुण्याचा कैवार घेऊनच जन्म घेतला, म्हणून त्यातला म्हातारा करारभंग केल्यासारखा दिसतो. चित्रपटात १९७२ सालच्या एका मुलाखतीचा तुकडा आहे : साठीतही तू हेच करीत असशील काय, असे विचारल्यावर तरुण जॅगर क्षणाचाही विलंब न लावता होकार देतो.

परंतु मला खिळवून ठेवले ते 'ॲज टीअर्स गो बाय' या गीताने. सायंकाळी एकटे बसून मुलांचा खेळ पाहणाऱ्या, आणि तो आनंद आता आपला नव्हे हे जाणणाऱ्या माणसाचे हे गीत जॅगर आणि त्याचा साथीदार कीथ रिचर्ड्स यांनी वयाच्या विशीत, ज्या वार्धक्याचा लवलेशही अनुभव नव्हता त्याच्याविषयी रचले, आणि १९६४ मध्ये ते प्रथम मारियान फेथफुल हिच्या आवाजात निघाले. बेचाळीस वर्षांनी जॅगर स्वतः त्याच ओळी म्हणतो, तेव्हा शब्दांत अक्षराचाही फरक नाही. फरक आहे तो एवढाच की त्या ओळींचा अर्थ इतकी वर्षे वाट पाहून अखेर गायकाच्या देहात येऊन राहिला आहे. गीतेचा दुसरा अध्याय बाल्य, तारुण्य आणि जरा या तीनही अवस्थांतून जाणाऱ्या एका देही तत्त्वाविषयी बोलतो. त्याची इतकी प्रत्यक्ष साक्ष मला पोथीसमोर बसूनही क्वचितच मिळाली असेल.

स्मृती निवृत्तीची मुदत ठरवते. गीता मुदत ठरवीत नाही, ती कर्म करण्याची रीत तपासते आणि अठराव्या अध्यायात त्याग कर्माचा नव्हे तर आसक्तीचा आणि फलाचा, असा निर्णय देते. मी या वादात गीतेच्या बाजूचा आहे. मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून आपले नाव घेणाऱ्या या मंडळींचे गुरू मुळात ब्लूज गाणारे कृष्णवर्णीय कलावंत होते, आणि त्या परंपरेत वृद्धाने गाणे हा अपराध कधीच नव्हता. सत्तरीचा बडी गाय पाहुणा म्हणून येतो, मडी वॉटर्सचेच गाणे गातो, आणि ते संपताच रिचर्ड्स आपल्या हातातली गिटार त्याला कायमची देऊन टाकतो. वानप्रस्थाचे जे मर्म, म्हणजे 'हे माझे' असा हक्क सोडणे, ते येथे भर रंगमंचावर, दिव्यांच्या झोतात घडते.

मृत्यूही त्या नाट्यगृहात आला होता. ॲटलांटिक रेकॉर्ड्स या संस्थेचे संस्थापक, त्र्याऐंशी वर्षांचे अहमेत एर्तेगुन पहिल्याच रात्री रंगमंचामागे पडले आणि १४ डिसेंबरला निवर्तले. चित्रपट त्यांना अर्पण केलेला आहे, परंतु ते पडणे पडद्यावर नाही. गाणे चालू राहते.

आणि मग चार्ली वॉट्स. पासष्ट वर्षांचा हा ढोलवादक हातवारे करीत नाही; डावा हात स्नेअरवर पडताच उजव्या हातातली काठी हाय-हॅटवरून किंचित उचलतो, एवढीच त्याची लकब. एका वेगवान गाण्याच्या शेवटी तो कॅमेऱ्याकडे वळतो, गाल फुगवतो आणि दीर्घ श्वास सोडतो. देह थकला हे तो लपवीत नाही, त्याचे भांडवलही करीत नाही, आणि पुढच्या गाण्याला बसतो. २०२१ मध्ये देह ठेवीपर्यंत त्याने ही जागा सोडली नाही. त्यापूर्वीच ती सोडायला हवी होती, असे त्याला सांगण्याचा अधिकार मी कोणत्याही स्मृतिकाराला देणार नाही. जॅगरविषयी मात्र माझा निवाडा होत नाही. तो टाळ्यांसाठी धावतो, की धावणे हेच त्याचे गाणे आहे म्हणून धावतो, हे कॅमेरा कितीही जवळ गेला तरी बाहेरून ठरत नाही. आणि मला तर असे वाटते, की धावत्या माणसाला स्वतःलाही ते त्या क्षणी ठरवता येत नसावे.