अनसूयामातेची मांडी

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमेला आपण पाळणा हलवतो. ब्रह्मा, विष्णू, महेश सत्त्व पाहायला आले आणि अनसूयामातेने त्यांची तान्ही बाळं केली. तिन्ही लोक सांभाळणारे ते, पण बाळ होताच त्यांनाही आईची मांडीच लागली.

यंदा आमची नात आठव्या महिन्यातच आली. वजन दीड किलोही नाही. हिंगोलीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत, नाकात नळी. भेटायला येणारे म्हणत, "सातव्याचं जगतं, आठव्याचं नाही." डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बाबा, पोटात जितके दिवस जास्त, तितकं बाळ बळकट." गावाकडून अंगारा, मध, गुटी आली. सिस्टर म्हणाल्या, "कोवळ्या जिवाला जंतू लवकर बाधतात. फक्त आईचं दूध." तो अंगारा मी माझ्याच कपाळी लावला.

पुढे नातीला सुनेच्या छातीशी, अंगाला अंग लावून ठेवलं. ही कांगारू पद्धत. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी ती सुरू केली. आता जागतिक आरोग्य संघटनाही तीच सांगते. नात अजून दवाखान्यातच आहे. उद्याचं महाराज जाणोत.

पण आपलं काम आपल्याला ठाऊक आहे. हात धुणं हेच सोवळं. सुनेला वेळेवर डबा नेणं हाच नैवेद्य. तिच्यासमोर वाईट शब्द न काढणं हेच मौन. ती बाळ घेऊन बसली असेल, तिथे अनसूयामाताच बसली आहे, असं समजा.

अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त!