जुन्या सायकलीचा नवा रंग

जुनी वस्तू फेकून देण्यापेक्षा दुरुस्त करून वापरावी, याविषयी आपल्यात दुमत नाही. चादरीची गोधडी आणि गोधडीचे पायपुसणे करणाऱ्या घरांना ही गोष्ट शिकवावी लागत नाही. पण दुरुस्ती कुठे संपते आणि खोटेपणा कुठे सुरू होतो, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. तो आम्ही येथे एका साध्या वस्तूच्या निमित्ताने विचारू इच्छितो. ही वस्तू म्हणजे अमेरिकेतील जुनी क्रूझर सायकल.

आपल्या परिचयाची काळी, उंच, सडपातळ सायकल वेगळी आणि ही वेगळी. शिकागोत १८९५ साली जर्मनीहून आलेल्या इग्नाझ श्विन यांनी भागीदारीत सायकलींचा कारखाना काढला. पुढे मोठ्या माणसांनी मोटारी घेतल्या आणि सायकलीला गिऱ्हाईक उरले ते मुख्यतः मुलांचे. त्यात मंदी आली. १९३३ साली या कारखान्याने सव्वादोन इंचांच्या आसपास जाडीचा, फुगीर ‘बलून’ टायर सायकलीला बसवला. पुढच्याच वर्षी फ्रेमच्या दोन दांड्यांमध्ये पेट्रोलच्या टाकीसारखी एक टाकी आली. टाकीत पेट्रोल नव्हतेच. मुलाला मोटारसायकल हवी होती, त्याला तिचे रूप मिळाले. १९४९ ते १९५९ या काळात निघालेली ‘ब्लॅक फँटम’ ही या घराण्यातील सर्वांत नावाजलेली सायकल. चकचकीत मडगार्ड, पुढे दिवा, टाकीत हॉर्न आणि रंगावर ओढलेल्या बारीक रेघा, असा तिचा थाट होता.

अशा सायकली आजही तिकडच्या गॅरेजमध्ये, तळघरात धूळ खात पडलेल्या सापडतात. हौशी माणूस ती घरी आणतो. हाताशी अनुभव नसतो, उत्साह मात्र भरपूर असतो. त्याच्या मनात पहिला विचार येतो रंगाचा. पॉलिशपेपरने सगळे घासून काढावे, प्रायमर मारावा, त्यावर झगझगीत लाल रंग फवारावा आणि सायकल नवी करावी!

खरे तर काम सुरू होते ते पान्ह्यापासून. सुटे भाग काढण्याआधी छायाचित्रे घ्यावी लागतात, नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावे लागतात. या सायकलींचे डावीकडचे पेडल उलट्या आट्यांचे असते. क्रँकच्या डाव्या बाजूचे नटही तसेच. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले तर सुटतात. हे ठाऊक नसलेला माणूस जोर लावतो आणि आटे झिजवून बसतो. बेअरिंगमधले वाळलेले ग्रीस रॉकेलने धुवून काढायचे, छर्रे तपासायचे, मागे पेडल मारून लागणारा ब्रेक उघडून पाहायचा. या कामात वस्तू आपल्याला शिकवते, आपण तिला नाही. हा धडा पचला की रंगाची घाई आपोआप कमी होते.

मग मडगार्डवरची मळाची पुटे साबणाच्या पाण्याने हळूहळू पुसली जातात आणि पुष्कळदा त्याखाली मूळ रंग जिवंत सापडतो. क्रोमवरचा वरवरचा गंज पाण्यात भिजवलेल्या ॲल्युमिनियमच्या चुरगळलेल्या कागदाने घासला तरी बराचसा निघतो. म्हणजे जे मेले असे आपण धरून चाललो होतो, ते केवळ झाकलेले होते. पॉलिशपेपर मात्र हा भेद करत नाही. मळ, गंज, मूळ रंग, कारागिराने ओढलेली रेघ, सगळे एकाच भुकटीत जाते आणि गेलेले परत येत नाही. ती भुकटीही निरुपद्रवी नसते. अमेरिकेत शिसेयुक्त घरगुती रंगांवर १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. ते पोटात किंवा श्वासात गेले तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय होतो. आपली हौस शेजारच्या मुलाच्या अंगात धूळ होऊन शिरणार असेल, तर ती खाजगी बाब राहत नाही.

जुन्या वस्तूला नवे रूप द्यावे की नाही, हा वाद सायकलीपुरता नाही. जॉन रस्किन या इंग्रज लेखकाने १८४९ साली इमारतींच्या जीर्णोद्धाराविषयी फार कडक भूमिका घेतली होती. जीर्णोद्धार म्हणजे वस्तूचा नाशच, असे त्याचे मत. गेलेल्या कारागिराचा हात परत आणता येत नाही, आणलेला असतो तो आपला हात त्याच्या नावाने. हे म्हणणे बिनतोड वाटते, पण ते जसेच्या तसे आम्हाला मान्य करता येत नाही. उघडे लोखंड गंजते. कोकणच्या पावसात चार महिने सायकल दामटणाऱ्या माणसाने तिला रंग दिला नाही तर दोन-चार वर्षांत फ्रेम खाल्ली जाईल. ज्याची रोजी सायकलीवर आहे त्याला ‘मूळ रंग जप’ असा उपदेश करणे हा भरल्या पोटाचा उद्योग होय. जपणूक ही फुरसतीची चैन असते, हे जपणाऱ्यांनी विसरू नये.

मग रेघ कुठे ओढायची? १९६४ सालच्या व्हेनिस सनदेत स्मारकांसाठी एक समंजस नियम आहे. नवा भाग जुन्याशी मेळ खाणारा असावा, पण नवा म्हणून ओळखू यावा. आम्हाला वाटते, सायकलीचा न्यायही हाच.

त्या खोट्या टाकीकडेच पाहा. तीत पेट्रोल नाही हे मुलाला ठाऊक होते, बापाला ठाऊक होते, विकणाऱ्यालाही ठाऊक होते. म्हणून ती टाकी सजावट ठरली, फसवणूक नव्हे. १९९५ साली कंपनीच्या शताब्दीनिमित्त ‘ब्लॅक फँटम’ पुन्हा काढण्यात आली. नवी आहे असे सांगून विकली, त्यात कोणाचे काही गेले नाही. पण नव्याने रंगवलेली सायकल कोणी ‘हात न लावलेली, मूळ रंगातली’ म्हणून विकली, तर तोच रंग खोटी साक्ष होतो. फ्रेमच्या जोडाला गेलेली भेग लांबी भरून, वर रंग मारून दडवली, तर गोष्ट पैशापुरती राहत नाही. उतारावर ती भेग उघडेल तेव्हा सायकलीवर कोणाचे तरी मूल असेल.

मालाचा ऐब लपवू नये, हे आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडते. आपण ते धान्याला, कापडाला लावतो. जुन्या गाडीला, घराच्या ओल आलेल्या भिंतीला लावतो का? गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी भिंतीवर हात फिरवणारी माणसे आपल्यातही आहेत आणि त्यांना आपण फसवे म्हणत नाही, व्यवहारी म्हणतो. गिऱ्हाइकाने विचारले नाही, म्हणून आम्ही सांगितले नाही, असे उत्तर तयार असते. पण जो रंग पाहणाऱ्याच्या मनातला प्रश्नच पुसून टाकतो, तो मारल्यावर ‘विचारले नाही’ म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

जुनी वस्तू आपल्याकडे येते ती कोणाच्या तरी हातून आणि जाते तीही कोणाच्या तरी हाती. मधल्या काळातले आपण अमानतदार. पहिल्या मालकाने पाडलेला पोचा ठेवायचा की काढायचा, हे ठरवण्याची मुभा आपल्याला आहे. तो नव्हताच असे सांगण्याची नाही. तिकडच्या हौशी माणसाला आम्ही एवढेच सुचवू. रंग द्यावासा वाटला तर अवश्य द्यावा. आधी कसून तपासावे, भेग असेल तर ती सांधावी, फ्रेमवर ठोकलेला क्रमांक रंगाखाली बुजू देऊ नये. आणि काय बदलले, काय मूळचे आहे, कोणत्या साली काम केले, हे एका कागदावर लिहून तो गुंडाळून सीटच्या नळीत ठेवावा. पुढचा माणूस कधीतरी सीट काढीलच.