पितळेचा चुरा

गेल्या उन्हाळ्यात मी कॅलिफोर्नियात मुलाकडे होतो. एका रविवारी रात्री चिरंजीव परतले ते गाडी एका जोडगाडीवर लादून. गिअरबॉक्स मोडला होता. ही त्याची रोजची गाडी नव्हे. 1990 सालची, दोन माणसांची, कापडी टपाची ही माझदा मियाटा त्याने पाळली आहे ती केवळ मॉन्टरेजवळच्या लागुना सेका या शर्यतीच्या मार्गावर न्यायची आणि स्वतःच्याच मागच्या वेळेशी झुंजवायची, एवढ्यासाठी. बक्षीस नाही की पैज नाही. "आपल्याकडे शर्यतीचे बैल पाळतात, तसेच हे," असे मी सूनबाईंना म्हटले. त्या म्हणाल्या, "बैल निदान शेण तरी देतात, बाबा."

प्रश्न असा पडला की गिअरबॉक्स दुरुस्त करायचा की बदलायचा? त्याच सालच्या एका मोडीत निघालेल्या गाडीचा गिअरबॉक्स विकाऊ होता. तो एका दिवसात बसला असता. दुरुस्तीला तीन-चार रविवार हवे होते, शिवाय चिरंजिवांपाशी नसलेली हत्यारे आणि नसलेला अनुभव. त्याचा कल बदलण्याकडे होता. माझा अर्थातच दुरुस्तीकडे. छत्रीची काडी बदलून घेणाऱ्या, दर सहा महिन्यांनी भांड्यांना कल्हई लावणाऱ्या घरात मी वाढलो. त्यातून उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलेला. मी लगेच 'मिलिंदपञ्ह' काढला. नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो, महाराज, आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? मग एकेक भाग बदलत गेलास, तर तुझी गाडी तुझी राहील का? व्याख्यान चांगले रंगले. हात दुसऱ्याचे काळे होणार असले म्हणजे दुरुस्तीचे तत्त्वज्ञान फार सोपे जाते.

चिरंजिवांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाबा, मिलिंदाच्या रथामागून दुसरे रथ भरधाव येत नव्हते. मी शिकाऊ हातांनी जुळवलेला डबा वेगात आतून आवळला, तर मागची चाके जागच्या जागी थांबतील आणि गाडी आडवी फिरेल. मागून येणाऱ्याने काय करायचे?"

लागुना सेकाच्या आठव्या वळणाला कॉर्कस्क्रू म्हणतात. तिथे रस्ता वळता वळता पन्नासाहून अधिक फूट खाली कोसळतो. पलीकडे काय आहे ते चढावरून येणाऱ्याला दिसत नाही. मी त्या कुंपणाशी उभा राहिलेलो होतो, म्हणून गप्प बसलो. काटकसर, वस्तूविषयीची माया, हाताचे कसब हे सारे मी हिशेबात धरले होते. मागून येणारा कुणाचा तरी मुलगा तेवढा राहिला होता. "पण तो जुना डबा तरी आतून कसा आहे, कोण जाणे!" मी शेवटचा अस्त्रप्रयोग केला. तो म्हणाला, "कारखान्यात जुळवलेला आहे, मध्ये कुणी उघडलेला नाही. आधी साध्या रस्त्यावर चालवून पाहीन."

इथे वाद संपायला हवा होता. पण मास्तरकीची खोड. मी विचारले, "ते ठीक. पण मोडला कशाने?"

तो काही बोलला नाही. तेल काढायला घेतले. काळ्या तेलात सोनेरी चकाकी तरंगत होती. बुचाच्या लोहचुंबकाला नुसता करडा लगदा. पोलादाचा तुकडा एकही नाही. म्हणजे दात शाबूत होते, झिजली होती ती पितळेची रिंग. गिअर पडण्यापूर्वी ही रिंग घासून घासून दोघांचा वेग एक करते आणि मग दात दातांत बसतात. या कामाला तिला क्षणभर लागतो. 1928 साली कॅडिलॅकने ही सोय गाडीत आणली. त्याआधी हे काम चालकाचे होते. माझ्या लहानपणी घाटात ट्रकवाले दोनदा क्लच दाबत, मध्ये थोडे थांबत, ते मला आठवले.

"तिसरा गिअर फेब्रुवारीपासून कुरकुरत होता," चिरंजीव तेलाकडे पाहत म्हणाले. "अर्ध्या सेकंदासाठी मी तो ठोकून टाकत होतो. ऐकू येत होते मला."

मी उपदेश केला नाही. अशा कुरकुरी मीही आयुष्यात ऐकून न ऐकल्यासारख्या केल्या आहेत. त्या दिवाळी अंकात सांगण्याजोग्या नाहीत. मनात एवढेच आले की डबा बदलला की रिंग नवी मिळेल, हात मात्र तोच राहील. आणि हा चुरा तेलाबरोबर टाकून दिला, तर हाताविरुद्ध साक्ष द्यायला कुणी उरणार नाही.

पुढच्या शनिवारी विकतचा गिअरबॉक्स बसला. जुना मात्र त्याने भंगारात दिला नाही. गॅरेजातल्या टेबलावर उघडून ठेवला. जाणत्या कारागिराने तपासल्याशिवाय तो गाडीला लागणार नाही, असे त्यानेच ठरवले. माझ्या परतीच्या आधी आम्ही दोघांनी ती रिंग काढली. तिचे बारीक दात टोकांना बोथट झाले होते, वर्षानुवर्षे भिंतीवर घासलेल्या किल्लीसारखे.

परवा त्याचा फोन आला. लागुना सेकाला पुन्हा जाऊन आला म्हणे. मी वेळ विचारली.

"दीड सेकंद जास्त लागला," तो म्हणाला, आणि मग रिंगच्या आतल्या लहानशा स्प्रिंगा कशा बसवायच्या ते बराच वेळ सांगत राहिला.