देव थकतो का?



धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलीने विचारले, "फादर, देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणजे तो थकला होता का?" प्रश्न लहान मुलीचा, पण लहान नव्हे.

उत्पत्तीच्या पुस्तकात (२:२) देव विसावतो. निर्गम (३१:१७) तर सांगते, की विसावा घेऊन त्याला ताजेतवाने वाटले. उलट यशया (४०:२८) म्हणतो, देव थकत नाही, भागत नाही. स्तोत्र १२१ नुसार इस्राएलचा राखणदार डुलकीसुद्धा घेत नाही. आणि योहानाच्या शुभवर्तमानात (५:१७), ३८ वर्षे आजारी असलेल्या माणसाला शब्बाथ दिवशी बरे केल्यावर येशू सांगतो, की पित्याचे काम अजून चालूच आहे. मग खरे काय मानायचे?

उत्पत्तीतील मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ आहे 'थांबणे'. माणूस दमला म्हणून थांबतो, तसाच काम पुरे झाले म्हणूनही थांबतो. लावणी आटोपली की शेतकरी बांधावर उभा राहून शेत डोळे भरून पाहतो, तसा हा विसावा. संत अगस्टिन यांनी याचा मेळ असा घातला : देव नवनिर्मिती करण्याचे थांबला, निर्मिलेल्याचा सांभाळ करण्याचे नव्हे. रविवारीही सूर्य उगवतो, बाळे जन्माला येतात.

मग देव 'ताजातवाना' कसा झाला? येथील मूळ शब्दाचा अर्थ 'श्वास घेणे' असा आहे. संपूर्ण जुन्या करारात हे क्रियापद केवळ तीन वेळा येते. त्यांपैकी एकदा (निर्गम २३:१२) ते दासीच्या मुलाविषयी आणि परक्या माणसाविषयी आहे : त्यांनाही श्वास घेता यावा, म्हणून तू सातव्या दिवशी थांब! देवाला दम खाण्याची गरज नव्हती. तरीही पवित्र शास्त्र त्याच्यासाठी दमलेल्या मजुराचा शब्द वापरते. केवढा हा देवाचा नम्रपणा!

येथे मला स्वतःकडे पाहावे लागले. रविवारी मी पाहुण्यांना जेवायला बोलावतो आणि आमच्या स्वयंपाकीणबाई मिस्सामध्ये शेवटच्या बाकावर घड्याळाकडे पाहत बसतात. मी प्रवचन देतो विसाव्यावर, आणि त्यांचा विसावा मीच हिरावून घेतो. कॅथोलिक श्रद्धाग्रंथही (क्र. २१८७) बजावतो, की इतरांना प्रभूचा दिवस पाळता येणार नाही अशी विनाकारण कामे त्यांच्यावर लादू नयेत.

आपल्या घरी काय चित्र आहे? मिस्साहून परतल्यावर आई दुपारपर्यंत चुलीपुढेच असते का? धुणीभांडी करणारी बाई, बांधकामावरचा परप्रांतीय मजूर, यांना सुट्टी कधी मिळते? ज्यांना रविवारी सेवेसाठी कामावर जावेच लागते, त्या परिचारिकांनी व बसचालकांनी मात्र मनाला लावून घेऊ नये. सतत सांभाळ करणाऱ्या पित्याच्या कामात त्यांचा वाटा आहे.

या रविवारी आपण प्रत्येकाने एका तरी माणसाला श्वास घेऊ द्यावा. पुढच्या रविवारी पाळकगृहात साधी पेज असेल आणि ती मी शिजवीन. पाहुण्यांनी सांभाळून घ्यावे!

प्रभू आपणां सर्वांना त्याच्या विसाव्यात सहभागी करून घेवो. आमेन.