तुटलेले तोरण



मार्गशीर्ष पौर्णिमा आली की वसईकरांची पावले गिरिजच्या हिरा डोंगरीकडे वळतात. संध्याकाळी दत्तजन्माचा पाळणा घरीही होतो. आमच्या पाळण्याला आईच्या हातचे काचेच्या मण्यांचे तोरण असते. मागच्या वर्षी ते बांधताना सूनबाईच्या हातात तुटले, मणी घरभर पांगले. मी फटकन बोललो, "आईची एवढी एकच वस्तू, तीही जपता आली नाही!" ती काही बोलली नाही. खाली बसून एकेक मणी वेचू लागली.

आरतीत मन लागेना. रात्री तोरण उलटून पाहिले. दोरा पार कुजला होता. काचेच्या मण्याची कड दोरा कापते, त्यात आपल्याकडची दमट, खारी हवा. कोणाच्याही हातात तुटलेच असते. आणखी एक दिसले. मधे जुनी गाठ होती आणि पांढऱ्यांच्या जागी 4 निळे मणी. म्हणजे आईच्या काळातही ते तुटले होते! तिने कोणाला बोल लावल्याचे मला आठवत नाही. गुपचूप ओवून टाकले असणार.

श्रीमद्भागवताच्या 11व्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले 24 गुरू सांगितले. त्यांत एक बाण करणारा कारागीर आहे. जवळून राजाची स्वारी गेली तरी त्याला पत्ता नाही, इतका तो कामात गढलेला. आणि मी? समोर देवाचा जन्म होत होता, माझे चित्त मात्र मण्यांत. पाळणा जिने सजवला, तिलाच दुखावून बसलो.

सकाळी तिला म्हटले, "माझं चुकलं गं. आपण दोघं मिळून ओवू." ताटात पंचा पसरला, म्हणजे मणी घरंगळत नाहीत. दोरा दुहेरी घेतला. मला सुईचे नेढे दिसेना, दोरा तिने ओवला; नक्षी मला पाठ, मणी मी मोजून दिले. ती म्हणाली, "बाबा, निळे काढून सगळे पांढरेच घालू का?" म्हटले, "राहू देत. ती आजीची खूण आहे. हरवलेल्यांच्या जागी तुझ्या आवडीचे घाल." तिने हिरवे घातले.

गीतेच्या 7व्या अध्यायात भगवंतांनी दोरा आणि मणी यांचाच दृष्टांत दिला आहे. मणी डोळ्यांत भरतात, दोरा कोणी पाहत नाही. घरातला दोराही असाच आतल्या आत झिजतो, आणि तुटला की शेवटी ज्याचा हात लागला त्याच्यावर आपण खापर फोडतो.

तेव्हा मंडळी, यंदा माळ्यावरचा डबा दोन दिवस आधीच खाली काढा. दोरा ओढून पाहा. घरात कोणाशी बोलणे तुटले असेल, तर पाळणा हलवण्याआधी त्याला हाक मारा. पाळण्याच्या दोरीला त्याचाही हात लागू द्या.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!