कोण बोलले, हे पानाने सांगावे

अमरावती-अकोल्याकडच्या एखाद्या संस्थानाला पोथीची नवी आवृत्ती काढायची असली की जुनी प्रत डीटीपीवाल्याकडे जाते. तिथे वर्डची नवी फाइल उघडली जाते. कागदाचा आकार ठरतो, चारी बाजूंचे समास ठरतात, शिलाईकडच्या बाजूला थोडी जास्त जागा सोडली जाते, अध्यायाचे नाव पानाच्या माथ्यावर आणि आकडा पायथ्याशी येतो. हे सारे कारागिरीचे काम समजले जाते. एखादा काना किंवा मात्रा चुकली तर भाविक लगेच बोट ठेवतात. मांडणीबद्दल मात्र कोणी विचारत नाही. या उदासीनतेमागे एक तात्त्विक भूमिका आहे. पावित्र्य शब्दात असते आणि पान हे शब्दाचे केवळ वाहन, अशी ती भूमिका. मला ती अर्धीच खरी वाटते. पान पवित्र नसते, हे मान्य. पण कोणते वचन कोणाचे आणि त्याचा अधिकार केवढा, हे वाचकाला पानावरूनच कळते. तिथे गफलत झाली तर एकही अक्षर न चुकता ग्रंथ खोटी साक्ष देतो.

याचा पुरावा शोधायला वऱ्हाडाबाहेर जायला नको. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला इ.स. १२७८च्या सुमारास म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांच्या सहवासात राहिलेल्यांकडून त्यांनी आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. कोणी पाहिले, कोणी ऐकले, हा प्रश्न त्या ग्रंथाच्या मुळाशीच आहे. पुढे केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठ’ रचला. त्यातल्या प्रत्येक दृष्टान्ताला तीन अंगे आहेत: सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. पहिली दोन श्रीचक्रधरांची वचने, तिसरे केसोबासांनी केलेले विवरण. महानुभावांच्या श्रद्धेनुसार श्रीचक्रधर हे परमेश्वराचे अवतार. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या अंगामधली रेघ ही परमेश्वर आणि भक्त यांच्यामधली रेघ आहे. टंकलिखित प्रतीत ही तिन्ही अंगे एकाच परिच्छेदात, एकाच ठशात सलग आली, तर शब्द सगळे जागच्या जागी असतील, पण ती रेघ पुसली गेलेली असेल. भक्ताचे विवरण देवाचे वचन म्हणून वाचले जाईल, आणि स्वतः केसोबासांना हे कधीच रुचले नसते. प्रसंगापासून सुटे झालेले सूत्र कोणाला आणि कोणत्या वेळी सांगितले, हे नोंदवण्यासाठी पंथाने ‘प्रकरणवश’ हा वेगळा ग्रंथप्रकारच निर्माण केला. वचनाला जागा लागते, ही जाण त्यामागे आहे.

हस्तलिखितांच्या लेखकांनाही ही जाण होती. मूळ ग्रंथ आणि टीका एकाच पत्रावर लिहायची असली की मूळ मध्यभागी ठळक अक्षरात आणि टीका त्याच्या वर-खाली बारीक अक्षरात, अशी त्रिपाठ पद्धत देशभर रूढ होती. लिहिताना एखादे अक्षर राहिले तर त्या जागी काकपद करून ते समासात लिहीत आणि ते कितव्या ओळीतले, याचा आकडा शेजारी घालत. चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासत. ती फासलेली जागा नंतरच्या वाचकालाही दिसे आणि इथे दुरुस्ती झाली आहे, हे कळे. मधली जागा मूळ ग्रंथकर्त्याची, भोवतालची टीकाकाराची, कडेची लेखकाची. एवढ्याशा पत्रावर तीन माणसे आपापल्या पायरीने बसलेली असत. ही शिस्त निव्वळ सौंदर्यासाठी नव्हती. दुसऱ्याचे बोलणे आपल्या नावावर येऊ नये आणि आपले दुसऱ्याच्या, हा सत्याचा नियम तिच्यात होता.

यावर वऱ्हाडातूनच एक मोठा आक्षेप घेता येतो. माधानच्या श्रीगुलाबराव महाराजांची (१८८१–१९१५) दृष्टी तान्हेपणीच गेली. प्रज्ञाचक्षू म्हणून ओळखल्या गेलेल्या या सत्पुरुषाने शंभराहून अधिक ग्रंथ रचले, ते सांगून लिहवून घेतले. ज्याने आयुष्यात पान पाहिले नाही त्याने एवढे वाङ्मय निर्माण केले, तर मग पानाच्या मांडणीचे स्तोम कशाला? आक्षेप वजनदार आहे आणि एका गोष्टीपुरता तो निर्णायकही आहे: विचाराला डोळ्यांना दिसणाऱ्या पानाची गरज नसते. पण बोलणारा समोर असतो तेव्हा त्याचा स्वर, थांबणे, पुन्हा सांगणे, यांतून पूर्वपक्ष कुठे संपला आणि सिद्धान्त कुठे सुरू झाला हे ऐकणाऱ्याला उमगते. तो समोर नसला की हे काम लेखणीला करावे लागते. महाराजांची वाणी आपल्यापर्यंत आली ती लिहून घेणाऱ्यांच्या पानांवरून. म्हणून त्यांच्या उदाहरणावरून मांडणी अनावश्यक ठरत नाही. खरी मांडणी दिसण्यात नसून रचनेत असते, हे मात्र स्पष्ट होते.

हा भेद वर्डच्या फाइलमध्ये अगदी जवळून पाहता येतो. अध्यायाचे नाव दोन तऱ्हांनी मोठे करता येते. अक्षरे निवडून ठळक आणि मोठी केली, तर ते शीर्षक नुसते दिसते. शीर्षकाची ‘स्टाइल’ लावली, तर ते शीर्षक आहे अशी नोंद फाइलमध्ये होते. तसेच पुढचा अध्याय नव्या पानावर नेण्यासाठी एंटर दाबत राहिले, तर आज पान सुबक दिसते. उद्या फॉन्ट बदलला किंवा ए-फोरचे ए-फाइव्ह केले की सगळे घसरते, कारण तिथे अध्याय संपतो हे फाइलला कोणी सांगितलेलेच नसते. पान तोडण्याची खूण घातली असेल तर कागद कोणताही असो, अध्याय आपल्या जागी राहतो. याची खरी कसोटी दृष्टिहीन वाचक. संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली त्याला शीर्षकावरून शीर्षकावर नेते, पण नोंद असेल तरच. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली पोथी तर तिच्या लेखी रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग असते. प्रज्ञाचक्षू संताचा ग्रंथ दृष्टिहीन वाचकालाच बंद राहावा, हा दोष तंत्राच्या खात्यात टाकून मोकळे होता येणार नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो: मांडणीला एवढे महत्त्व असेल तर परंपरेने आलेले पान बदलूच नये. यालाही आधार आहे. कुराण तोंडपाठ करणारे विद्यार्थी पुष्कळदा पंधरा ओळींच्या ठरावीक प्रतीवरूनच पाठ करतात. तिच्यात पान पूर्ण आयतीवर संपते आणि आयत पानाच्या कोणत्या भागात आहे, हेही स्मरणाचाच भाग बनते. अशा वेळी पान हलवणे म्हणजे आठवण हलवणे. तसे करायला सबळ कारण हवे. पण आपल्या ओवीग्रंथांनी दुसरी वाट धरली. तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीते’चे ४१ अध्याय असोत की दासगणूंच्या ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथाचे २१, वचनाचा पत्ता अध्याय आणि ओवीच्या आकड्याने सांगितला जातो, पानाच्या आकड्याने नाही. छापील आवृत्तीत आणि मोबाइलच्या पडद्यावर पान वेगळे असले तरी ओवी तीच सापडते. जपायचा तो हा पत्ता. कागदाचा आकार आणि अक्षराचे वळण काळाप्रमाणे बदलले तरी चालेल. ओवीचा आकडा, वक्त्याचे नाव, मूळ आणि टीका यांतली सीमा बदलून चालणार नाही.

राहता राहिला व्यवहाराचा आक्षेप: पानामागे ठरलेले पैसे घेणाऱ्या माणसावर धर्माचे एवढे ओझे का? त्याच्या एकट्यावर ते टाकणे अन्यायाचेच आहे. पूर्वीचे कित्येक पोथीलेखकही मोबदला घेऊनच लिहीत, पण लिहवून घेणारा जाणता असेल तरच प्रत नीट उतरे. तेव्हा ही जबाबदारी आधी संस्थानांची आणि संपादकांची आहे. फाइल उघडण्याआधी ग्रंथात किती जण बोलत आहेत याची यादी करावी, प्रत्येकासाठी वेगळी स्टाइल ठरवावी, पाठभेद आणि दुरुस्त्या मुळात न मिसळता टिपेत द्याव्यात, आणि मुद्रिते तपासताना शुद्धलेखनाइतकाच वेळ या सीमांना द्यावा. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. पोथ्यांच्या अशा संगणकीय मांडणीचे नियम तिथे ठरले तर ते म्हाइंभटांच्याच कामाचे पुढचे पाऊल होईल. पारायणाला बसलेला माणूस समोरच्या पानावर पूर्ण विश्वास टाकून वाचत असतो. देवाचे, संताचे आणि टीकाकाराचे बोलणे त्याला वेगवेगळे ओळखता आले, तरच त्याची श्रद्धा योग्य ठिकाणी पोचते. ते ओळखता येण्याची सोय करणे, हे धर्मकार्यच आहे.